दोघांनी पाहिलेला पक्षी

नवरा-बायकोचा नियम एकच होता: दोघांनी पाहिला तरच पक्षी वहीत चढायचा. बावीस वसंत त्यांनी तो पाळला. बायको जाऊन तीन महिने झाले, तरी उत्तरेकडे निघालेले थवे ठरल्या वेळी तळ्यावर उतरले. यंदाचं पान कोरं राहू नये म्हणून म्हाताऱ्याने मुलीला सोबत आणलं.

हवेचा काही नेम नव्हता. घटकेत ऊन, घटकेत गारा. गारा पडत असतानाच गवतातून निळ्या गळ्याचा पक्षी वर आला. म्हातारा सवयीने डावीकडे वळला, दुर्बीण पुढे केली आणि कुजबुजला, "अगं, बघ लवकर." डावीकडे कोणी नव्हतं. मुलगी उजवीकडे उलट्या झालेल्या छत्रीशी झटत होती. पक्षी उडाला.

"पाहिलास?"

"हो बाबा. लिहा तुम्ही."

"गळा कुठल्या रंगाचा होता?"

तिने छत्री सरळ केली. मग म्हणाली, "आईची पण अशीच उलटतपासणी घ्यायचात?"

"तीच माझी घ्यायची. कितीदा नापास केलं मला."

त्याने तारीख लिहिली, गारा लिहिल्या आणि पक्ष्याची ओळ मोकळी सोडून वही मिटली.