पाटी देल्फोरच्या गाडीची

मी निल्दा. लग्नाकार्यात मांस भाजून देते. ट्रेलरवर बसवलेली माझी तीन मीटर लांब लोखंडी शेगडी आसपासच्या सगळ्या गावांना माहीत आहे. घटस्फोटात न्यायाधीशांनी ट्रेलर मला दिला आणि गाडी माझ्या नवऱ्याला, देल्फोरला. वकील खूश, मीही खूश. आता, ट्रेलरच्या मागे जी पाटी लागते तिच्यावर ओढणाऱ्या गाडीचाच नंबर असतो. पण त्या खोलीत बसलेल्या एकाही शहाण्याच्या ते डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

चार वर्षं उसन्या गाड्यांनी ट्रेलर ओढला, कुणी विचारलं नाही. गावातला पोलीस दर रविवारी माझ्याकडेच चोरिसो, म्हणजे भाजलेलं मसालेदार सॉसेज, खातो, तो कशाला विचारतोय! मार्चमध्ये मी स्वतःची पिकअप घेतली. "ताई, तुझ्या गाडीच्या नंबरची पाटी करून घे," असं माझी धाकटी बहीण सुल्मा दर आठवड्याला सांगायची. "करते गं," असं मी दर आठवड्याला म्हणायचे.

मग अयेलेनचं लग्न ठरलं. माझी एकुलती एक लेक. लग्न नवऱ्या मुलाच्या गावी, सत्तर किलोमीटर लांब, एकशे चाळीस माणसं. मुलाकडचे म्हणाले, जेवणाचं आम्ही बघतो, आमचा माणूस आहे. मी म्हटलं, मी जिवंत असताना माझ्या लेकीच्या लग्नात परक्याच्या हातचं कोकरू? शब्द देऊन बसले. चार वाजता विस्तव पेटला तरच नऊला ताटात मांस पडणार होतं.

दुपारी एकला हायवेवरच्या नाक्यावर मला आणि सुल्माला थांबवलं. सार्जंट रोखास नावाची पोरगी, वय असेल सव्वीस, टोपी डोक्यापेक्षा मोठी.

"काकू, ट्रेलर तपासायचाय."

"तपासा की! सुल्मा, ब्रेक दाब!" मागचे लाल दिवे लागले. "डावीकडचा दे! उजवीकडचा!" सगळे लागले. मी साखळी दाखवली, हुक तुटला तरी ट्रेलर सुटू नये म्हणून लावतात ती. धोक्याचा लाल त्रिकोण दाखवला, चाकं दाखवली, विम्याचा कागद नाचवला. मला नुसता चेव चढला होता.

"छान," ती म्हणाली. मग वाकली. पाटी वाचली, पुढे जाऊन पिकअपचा नंबर वाचला, परत मागे आली. "हा नंबर कुणाचा?"

"माझ्या नवऱ्याच्या गाडीचा. म्हणजे, होता तो नवरा."

"मग ट्रेलर त्याच्या गाडीलाच लागणार. या पिकअपला नाही."

"अहो, ट्रेलर माझा आहे! कोर्टाचा कागद आहे माझ्याकडे!"

"ट्रेलर तुमचाच आहे, काकू. रस्त्यावर मात्र तो त्या गाडीचा आहे. ती गाडी आणा नाहीतर ट्रेलर इथेच सोडा."

मी पहिल्यांदा ओरडले, मग गयावया केली, मग एम्पानादांचा, त्या खिमा भरलेल्या करंज्यांचा, एक अख्खा डबा पुढे केला. तिने तो हाताने मागे सारला. "लाच नाही हं," मी म्हटलं. "मला कळतंय," ती म्हणाली, "म्हणून तर नुसता बाजूला केला."

सुल्मा पिकअपमधून म्हणाली, "ताई, देल्फोरला फोन लाव."

"मेले तरी लावणार नाही."

चार वर्षं आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. निरोप सगळे अयेलेनमार्फत. लग्नातही तिने आम्हाला मांडवाच्या दोन टोकांना बसवायचं ठरवलं होतं.

"दीड वाजला," सुल्मा म्हणाली.

लावला फोन. दुसरं काय करणार? तो न्हाव्याकडे होता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्याने एवढंच विचारलं, "कुठल्या नाक्यावर?"

पाऊण तासात त्याची जुनी हिरवी पेजो खडखडत आली. अर्धी दाढी झालेली, अर्धी तशीच, अंगात सूटची पँट आणि वर बनियन. सार्जंटने तोंड फिरवलं, हसत होती मेली. तो सरळ ट्रेलरकडे गेला. ट्रेलर सोडवला, आपल्या हुकाला लावला, साखळी अडकवली, दिव्यांची वायर जोडली. दिवे लागले, नंबर जुळले.

"जा आता," सार्जंट म्हणाली, "आणि ऐंशीच्या वर नको."

माझी चार कोकरं ज्या गाडीमागे, त्या गाडीत मी. सुल्मा पिकअप घेऊन मागून निघाली. देल्फोर पंचाहत्तरने चालवत होता. एखादा ट्रॅक्टर तेवढा आमच्या पुढे निघून जायचा बाकी होता.

"जरा दाब की!"

"ऐंशी म्हणाली ती."

"ऐंशी तरी कर!"

त्याने ऐंशी केली. गाडीचं दार माझ्या बाजूने दोरीने बांधलेलं होतं, जमिनीच्या पत्र्यातून रस्ता दिसत होता. मला राहवेना.

"हे भंगार अजून का बाळगून आहेस रे? तुझा भाऊ त्याची चांगली गाडी देत होता ना तुला? अयेलेन म्हणाली. जुनी विकायची तेवढी अट होती म्हणे."

त्याने नुसता गिअर बदलला. मला वाटलं, लागलं बोलणं, बरं झालं.

"विकली असती तर?" तो म्हणाला.

"तर काय?"

"तर तुझा ट्रेलर ओढायला या जगात एकही गाडी उरली नसती. तू काही पाटी बदलणार नव्हतीस, ओळखतो मी तुला. कधीतरी कुणीतरी अडवणारच होतं."

मी खिडकीबाहेर बघत बसले. चार हिवाळे हा माणूस दोरीने दार बांधून फिरला आणि मी गावभर सांगत सुटले होते की चिकट आहे, जीव जातो त्याचा पैसा सोडताना. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

चारला दहा कमी असताना पोचलो. विस्तव त्यानेच पेटवला, सूटच्या पँटवर राख पाडून घेतली, मग उरलेली अर्धी दाढी करायला पळाला. कोकरू असं झालं की मुलाकडचा तो 'आमचा माणूस' दोनदा वाढून घ्यायला आला. अयेलेन माझ्या गळ्यात पडली तेव्हा मी तिच्या कानात म्हटलं, "बापाला माझ्या टेबलावर बसव."

पुढच्या सोमवारी आम्ही दोघं वाहन नोंदणीच्या कार्यालयात गेलो. जुनी पाटी रद्द करायला त्याची सही, नवी माझ्या पिकअपच्या नंबरवर घ्यायला माझी. त्याने पटकन केली. "आता विक ती," मी म्हटलं. "विकतो," तो म्हणाला.

कारकुनाने अर्ज माझ्याकडे सरकवला. घटस्फोटाच्या कागदावर मी ताठ मानेनं सही केली होती. इथे हात उचलवेना. या कागदानंतर रस्त्यात कितीही अडकले तरी या माणसाला बोलवायला मला काही कारण उरणार नव्हतं. मला ते नको होतं. खरंच नको होतं.

"पेन चालत नाहीये का?" देल्फोरने विचारलं.

"चालतंय," मी म्हटलं आणि सही केली. मग पेन खाली ठेवायच्या आत त्याला विचारलं, "रविवारी जेवायला येतोस का?"