तिळाचं पथ्य

"ते खाली ठेव," अनीसा म्हणाली.

शाइस्ताने अर्धा खाल्लेला तिळाचा लाडू परातीच्या काठावर ठेवला. सुनेला पाचवा महिना होता.

"अम्मी, दवाखान्यातल्या सिस्टरनंच सांगतलं. रक्त कमी हाय, रोज एक लाडू खाय म्हने."

"तीळ गरम असते. पोटुशीनं खाऊ नये."

जठारपेठेतल्या घरोघरी संक्रांतीचे लाडू अनीसाकडून जात. सासूने सुरू केलेला धंदा तिने चालू ठेवला होता. पूर्वी तीळ भातकुली गावचा असे. तिथले शेतकरी नत्थुजी कापसात चार ओळी तिळाच्या पेरत आणि दिवाळी झाली की पोतं घेऊन स्वतः अकोल्याला येत. तो तीळ कढईत पडला की आख्ख्या गल्लीला कळे. मग सोयाबीन आलं, कापसाचे दिवसही फिरले, नत्थुजींचं येणं थांबलं. आता गुजरातचा पांढराधोप तीळ येई. कितीही भाजला तरी वास उंबऱ्याबाहेर जात नसे. उलट औषधाच्या दुकानात तिळाच्या वड्या चकचकीत कागदात दिसू लागल्या होत्या. हाडांसाठी, रक्तासाठी म्हणून माणसं त्या नेत.

अनीसा स्वतः मात्र तीळ खात नसे. भाजणी झाली की नाही, ते ती तडतडण्यावरून ओळखे.

दुसऱ्या दिवशी ती शाइस्ताबरोबर दवाखान्यात गेली. शाइस्ता वजनाच्या रांगेत असताना ती माणिकबाई सिस्टरांच्या टेबलापाशी आली.

"सिस्टर, तिळानं लेकरू दगावते ना?"

"कोन सांगतलं?"

"माझ्या सासूनं. पहिल्या खेपेले नववा महिना होता. लाडू वळता वळता एक खाल्ला मी, चोरून. दुसऱ्या दिवशी पोरगी झाली, ते मेलेली."

माणिकबाईंनी पेन खाली ठेवला. "एका लाडवानं भरल्या दिवसांचं लेकरू जात नाई, बाई. दुसरं काही झालं असंन. दाई काय म्हने?"

"मले शुद्धच नव्हती."

घरी आली तेव्हा तिचा नवरा कुर्बान ओसरीत तीळ चाळत बसला होता. अनीसाने बुरखा काढून खुंटीला लावला आणि सिस्टर काय म्हणाल्या ते त्याला सांगितलं. चाळणी हलत राहिली, मग थांबली.

"नाळ होती," तो म्हणाला. "तिच्या गळ्याले दोन येढे. दाईनं मले दाखवलं होतं."

"तुमाले माईत होतं?"

"हो."

"मंग काहून नाई सांगतलं?"

"माझी अम्मा लाडवाचं बोलून राहिली होती. तिच्यापुढं मी कधी बोललो? मांगून वाटलं, कायले उकरा. मंग आपला शाकीब झाला, तू इसरली असशीन."

"एकतीस वर्सं झाली. तीळ तोंडात नाई टाकला मी."

कुर्बानने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मले वाटे, तुले आवडत नाई."

अनीसा भिंतीला टेकून खाली बसली. रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत निघून गेली.

"कुठं ठेवलं तिले?"

"कबरस्तानात. मांगच्या भिंतीपाशी. मीच नेलं होतं, हातावर." त्याने चाळणी बाजूला ठेवली. "नाव ठेवलं होतं मी तिचं. बिननावाची कशी ठेवू मातीत? फरजाना म्हनलं."

"फरजाना," अनीसा म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, हळू.

शाइस्ता चहा घेऊन बाहेर आली. दोघांचे चेहरे पाहून दारातच थांबली.

"कोन फरजाना, अम्मी?"

"तुझी ननंद," अनीसा म्हणाली, आणि सुनेला बसायला बाजूला सरकली.