थेंबातली जत्रा

मित्रांनो, तुम्ही शाळेत माझ्याखाली कांद्याचा पापुद्रा ठेवता आणि एक डोळा मिटून वाकता, तेव्हा मला जुने दिवस आठवतात. माझ्या नळीचा काळा रंग आता उडाला आहे, एक चाक फिरताना अडते. तरी या जुन्या सूक्ष्मदर्शकातून काय काय पाहिले गेले हे ऐकाल, तर थक्क व्हाल.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. भुशाच्या पेटीत बसून मी रेल्वेने परळीला उतरलो आणि जीपने धारूरच्या घाटाखाली, सहकारी दूध संघाच्या वळू केंद्रात आलो. केंद्र म्हणजे दोन खोल्या, पत्र्याचा गोठा आणि त्यात तांबड्या नावाचा लाल कंधारी वळू. त्याचे वीर्य काढून गावोगावच्या गाई भरवायच्या, आणि ते जोमदार आहे की नाही हे आधी माझ्याखाली पाहायचे, हे डॉक्टर मोहनरावांचे काम. तांबड्याची देखभाल म्हाळू करी. तो मेंढपाळाच्या घरातला, अंगाने काटक, बोलायला कमी.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी काचेवर एक थेंब ठेवला आणि म्हाळूला बोलावले. तो वाकला तो वाकूनच राहिला. त्या एवढ्याशा थेंबात असंख्य जीव शेपट्या हलवत धावत होते. इतकी दाटी, की घाटातून कळप उतरताना धुरळ्याचे लोट उठावेत तसे त्यांचे लोट उठत होते, फिरत होते, विरत होते.

"ही तर जत्राच हाय की," तो हळूच म्हणाला. "आन् यातला एकच वासरू व्हतो?"

"एकच," डॉक्टर म्हणाले.

म्हाळूने जाताना मला हात जोडले. माझ्या आयुष्यातला तो पहिला नमस्कार.

गोठ्यात गोचीड फार. त्यावर संघाकडून पांढरी पावडर येई, पत्र्याच्या मोठ्या पिंपांत भरून. म्हाळू ती उघड्या हातांनी तांबड्याच्या अंगाला चोळी, गोठ्यात उधळी. सकाळी गोचीड गळून पडलेले दिसत. सगळ्यांना त्या पावडरीचे कौतुक, डॉक्टरांनाही. अशी कित्येक वर्षे गेली आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसू लागले. टँकरचे पाणी साठवायला भांडी पुरेनात, म्हणून पावडरीची रिकामी पिंपे विसळून वापरात आली. तांबड्या त्यातले पाणी पिई, म्हाळूही पिई. एक पिंप त्याने घरी नेले.

घरी भामाबाई होती, त्याची बायको. लग्नाला बरीच वर्षे झाली, तरी तिची कूस उजवली नव्हती. बाया तिला बारशाला बोलवेनाशा झाल्या. म्हाळूचा थोरला भाऊ सटवा घरातला कर्ता. त्याने दुसरी सोयरीक ठरवत आणली आणि भामाबाईला माहेरी पाठवायचे बोलणे सुरू केले. म्हाळू हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. हे तो गोठ्यात तांबड्याला सांगे. खोलीचे दार उघडे असले की मला ऐकू येई.

त्याच सुमारास गावोगावच्या गाई गाभण राहीनात. लोक संघाला बोल लावू लागले. डॉक्टरांनी तांबड्याचा थेंब माझ्याखाली धरला आणि बराच वेळ मान वर केली नाही. जत्रा पांगली होती. थोडे जीव जागच्या जागी गोल फिरत होते, बरेचसे निपचित पडले होते. चारा कमी म्हणावा तर शेजारच्या केंद्रातला वळू तितकाच उपाशी होता, आणि तो धडधाकट होता. फरक एकच. तिथे ही पावडर नव्हती आणि ही पिंपेही नव्हती.

डॉक्टर गोठ्यात गेले. पिंप वाकडे करून त्यांनी तळाशी बोट फिरवले. बोटाला पांढरा, उग्र वासाचा थर लागला. त्यांनी म्हाळूला विचारले, घरी पाणी कशात साठवता. मग विचारले, लेकरं किती.

"एकबी न्हाई," म्हाळू म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला समोर बसवले. हे विष अंगात शिरले की चरबीत जाऊन बसते, वर्षानुवर्षे हलत नाही, आणि त्याने पुरुषाचे बी मरू शकते असा आपल्याला संशय आहे, हे त्यांनी सावकाश सांगितले. पावडर आपणच त्याच्या हातात दिली, हेही ते बोलले. "माणसाचा डॉक्टर मी न्हाई," ते त्याच्याच बोलीत म्हणाले, "पण काच माणसाला आन् जनावराला सारखीच हाय. बघायचं का?"

म्हाळू उठून गेला. दोन-तीन दिवस तो फिरकला नाही. मग एका सकाळी आला, धोतराच्या सोग्यातून काचेची एक नळी काढून टेबलावर ठेवली आणि पाठ करून उभा राहिला.

मित्रांनो, मी तेव्हा जे पाहिले ते विसरलो नाही. मोकळे, शांत पाणी. कितीतरी वेळाने कोपऱ्यातून एक जीव आला. शेपटी मोडल्यासारखी, तरी तो सरकत होता. थांबे, पुन्हा सरके. त्या ओसाड थेंबात त्याचे ते सरकणे पाहून माझे भिंग दिपले.

म्हाळूने पाहिले. तो रडला नाही. "म्हंजी ती न्हाई," एवढेच म्हणाला. "मीच."

"तूही न्हाई," डॉक्टर म्हणाले. "ही पावडर असावी. शपथेवर न्हाई सांगता येत."

पुढचे मला भामाबाईच्या तोंडून कळले. घरी सोयरे बसले होते, सटवा सुपारी कातरत होता. म्हाळू उंबऱ्यातच थांबला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "कमी माझ्यात हाय. काचंत बघून आलोय. पिंपातल्या पावडरीनं झालं असंल, म्हनत्यात डॉक्टर. दुसरी बायको काहून करता?" सटवाच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. पाहुणे चहा न घेता उठले. भामाबाईने बाहेर जाऊन ते पिंप एकटीने आडवे केले आणि सगळे पाणी वाळूत जाऊ दिले. त्या दुष्काळात, पाणी.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रावर आली. तिला स्वतःला पाहायचे होते. त्या दिवशी माझ्याखाली शेजारच्या केंद्रातल्या वळूचा थेंब होता. ती वाकली आणि श्वास धरून पाहत राहिली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "एवढं सगळं असतंय व्हय. आन् कुणी आजवर बघितलंच न्हाई."

पावडर बंद झाली. पिंपे खडकाळ माळावर खोल पुरली. पुढे दीड-दोन वर्षांत तांबड्याच्या थेंबात थोडी गर्दी परतली. म्हाळूची मात्र परतली नाही. त्याचा थेंब अधूनमधून माझ्याखाली येई आणि तसाच ओसाड असे. त्यांना मूल झाले नाही. पण भामाबाई माहेरी गेली नाही आणि बारशाला तिला कुणी टाळले, तर म्हाळूही तिकडे गेला नाही. ती केंद्रात काचा धुण्याच्या कामाला लागली. माझे भिंग तिच्याइतक्या मऊ हाताने कुणी पुसले नाही.

काही वर्षांनी एका दुपारी दारात सटवा उभा राहिला. मागे त्याचा मुलगा शहादेव. सुनेला मूल होत नव्हते, लोक बोलू लागले होते. सटवाने पोराला पुढे केले. भामाबाईने त्याच्याकडे पाहिले, हातातली काच नीट पुसली आणि दार पूर्ण उघडले.

"आत या," ती म्हणाली. "सुनंला कायबी बोलू नगा. आधी बघू."