सहाव्या ग्रहाचं वय

"अभिनंदन हं हिल्का, रोमीच्या वाढदिवसाचं!" जिन्यात भेटेल तो हेच म्हणत होता. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनची रीतच तशी. वाढदिवस एकीचा, अभिनंदन विद्यापीठाच्या अख्ख्या खगोल खात्याचं. हिल्का हसून मान हलवी आणि आतल्या आत जळे.

रोमी तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. कृष्णपदार्थ, म्हणजे डार्क मॅटर, दिसत नाही, नुसती गुरुत्वाची ओढ लावतो. खात्यात कुणी तो ताऱ्यांत शोधी, कुणी कृष्णविवरांच्या काठाशी. हिल्काने वीस वर्षं विझलेले तारे चाळले, हाती काही लागलं नाही. ही पोरगी आली आणि म्हणाली, सूर्याविना भटकणारे थंड ग्रह बघू. कृष्णपदार्थ त्यांच्या पोटात साठून जळत असेल, तर ते हवे त्याहून कोमट निघतील. इतकं साधं! ते आपल्याला सुचलं नाही, हेच हिल्काच्या डोळ्यांत सलत होतं.

ग्रहांची तापमानं संगणकात कुलूपबंद होती. आधी हिशेबाची पद्धत पक्की करायची, सगळ्यांनी सह्या करायच्या, मगच कुलूप काढायचं. नाहीतर मन हवं तेच उत्तर बघतं. एकदा उघडलं की कानामात्रेचाही बदल नाही. दुपारी तीनला उघडायचं ठरलं होतं. फक्त हिल्काची सही राहिली होती.

त्या सकाळी सहीचे कागद वाचताना ती थबकली. सहाव्या ग्रहाचं वय तीनशे कोटी वर्षं लिहिलं होतं. नव्या मोजणीत ते चाळीस कोटीच निघालं होतं, हे तिने वाचलं होतं. कोवळा ग्रह जन्माच्या उबेनेच कोमट असतो. रोमी त्या उबेला कृष्णपदार्थ म्हणून मिरवणार आणि जग हसणार.

हसू दे, असं मनात आलं. फार गोड वाटलं ते, आणि त्या गोडीचीच तिला भीती वाटली. तरीही ती गप्प राहिली. जेवणानंतर, हा आकडा रोमीने आणला कुठून, म्हणून तिने तळटीप पाहिली. तिथे तिचंच नाव होतं. अकरा वर्षांपूर्वीची तिचीच मोजणी.

तीन वाजले. खातेप्रमुख वीबे म्हणाला, "हिल्का, कर बाई सही. केक वाट बघतोय."

"उघडू नका. सहाव्याचं वय चुकलंय. आकडा माझाच आहे."

रोमीचा चेहरा उतरला. "नव्या मोजणीचा लेख मी वाचला होता गं. म्हटलं, हिल्काची मोजणी आहे, तीच खरी असणार."

"वेडे, मला विचारायचं तरी!"

"विचारायला आलं की तू दार लावून घेतेस."

वीबेने घसा खाकरला. "म्हणजे सगळं परत तपासा, परत सह्या. दोन महिने गेले." तो केक कापायला निघून गेला.

"तुला कधी कळलं?" रोमीने हळूच विचारलं.

"सकाळी."

"मग दुपारपर्यंत काय करत होतीस?"

"तू बुडायची वाट बघत होते."

रोमीने शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली. "बस. उरलेल्या ग्रहांची वयं बघू. त्यातली अकरा तुझीच आहेत."

हिल्का बसली. तिने चष्मा लावेपर्यंत पोरीने पहिलं पान वाचून संपवलंही होतं. हिल्काला ते सोसवलं नाही. पण ती उठली नाही.