चौदा नंबरच्या वर्गाचा खुलासा

बेकर्स रनच्या सरकारी शाळेत मी एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, आणि त्या काळात शाळेतलं कोणीही कशात फारसं पुढे गेलं नाही. ही तक्रार नव्हे. पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या कोपऱ्यात पोलादाचा कारखाना बंद झाल्यापासून लोकांची पुढे जायची सवयच मोडली आहे. म्हणून राज्याच्या परीक्षेत सातवीच्या एका वर्गातली एक्क्याण्णव टक्के मुलं गणितात पास झाली, तेव्हा सगळ्यांना आधी भीती वाटली. आनंदाचं नंतर बघू म्हणाले. बाकीच्या वर्गांचा आकडा होता अडतीस. नेहमीचाच, घरातला.

एक्क्याण्णववाला वर्ग चौदा नंबरचा, व्हर्ना काचमरचा. व्हर्ना एके काळी माझी विद्यार्थिनी होती. आता तिची पन्नाशी उलटली, तरी मला ‘मिस्टर ड्राहोस’च म्हणते. अपूर्णांक शिकवण्यापलीकडे तिला जगात काही येत नाही. मध्ये एका उन्हाळ्यात तिने घरं विकायचा धंदा करून पाहिला. गिऱ्हाइकाला दार उघडून द्यायची आणि म्हणायची, “छत गळतं हं.” तीन महिन्यांत एकही घर गेलं नाही. म्हणून निकालानंतर राजधानी हॅरिसबर्गहून शिक्षण खात्याचं पत्र आलं आणि त्यात ‘समाधानकारक खुलासा न झाल्यास शिकवण्याचा परवाना रद्द’ असं वाक्य निघालं, तेव्हा तिने ते मुख्याध्यापक लायल यॉडरच्या खोलीत उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि मग खाली बसली. मीही तिथेच होतो. निवृत्त झालो तरी परीक्षेच्या दिवशी चौदा नंबरवर पर्यवेक्षक म्हणून मलाच बोलावलं होतं ना.

“व्हर्ना, तू नेमकं काय केलंस?” यॉडरने विचारलं.

“काही नाही.”

“अगं, असं लिहून देता येत नाही. खुलाशात काहीतरी केलेलं असावं लागतं.”

“अरे, पण मी तिथे नव्हतेच! आपल्या वर्गावर आपण थांबायचं नाही, हा तुझाच नियम. मी नऊ नंबरवर होते.”

“आणि नऊ नंबरला किती आले?”

“छत्तीस.”

यॉडरने हताशपणे माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे तू जिथे नसतेस तिथे मुलं पास होतात. हे खात्याला कळवायचं का?”

“माझ्याकडे काय बघतोस? मी तर फक्त फिरत होतो,” मी म्हणालो.

पत्रात आणखी एक गोष्ट होती. चौदा नंबरच्या उत्तरपत्रिकांवर बेसुमार खाडाखोड सापडली होती. आमच्याकडे उत्तर म्हणजे चारांपैकी एक गोळा पेन्सिलीने काळा करायचा. यंत्र गोळे वाचतं, आणि खोडलेले गोळेही त्याला दिसतात. चौदा नंबरच्या मुलांनी शेकडो चुकीचे गोळे खोडून शेजारचे बरोबर गोळे काळे केले होते. खात्याच्या भाषेत याचा अर्थ एकच होतो: मुलं घरी गेल्यावर कोणीतरी मोठं माणूस खोडरबर घेऊन बसलं.

शाळेच्या शेवटच्या आठवड्यात चौकशीला मिस रिंगल आल्या. तरुण बाई, आवाज गोड. व्हर्नाला त्यांनी दोन तास विचारलं आणि व्हर्नाने दोन तास ‘माहीत नाही’ म्हटलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. “मिस्टर ड्राहोस, मला स्वतःचाच संशय यायला लागलाय हो,” ती म्हणाली.

मग माझी पाळी.

“तुम्ही मुलांवर सतत लक्ष ठेवलंत?”

“सतत. नियमच आहे. बसायचं नाही, फिरत राहायचं, प्रत्येकाच्या बाकावर नजर ठेवायची.”

“मग प्रश्न तुम्ही पाहिले असतील.”

“छे! प्रश्न पाहायचे नाहीत, हाही नियम आहे.”

“बाकावर नजर ठेवली, पण बाकावरचा कागद पाहिला नाही?”

“बाई, तुमच्याच पुस्तिकेत दोन्ही एका पानावर छापलंय. मी कागदाचे कोपरे पाहिले. आणि मुलांची कोपरं.”

मिस रिंगलनी पुस्तिका उघडली, ते पान वाचलं आणि ती मिटली.

“परीक्षा किती वाजता संपली?”

“सांगता येणार नाही.”

“का?”

खुलासा करण्यासारखी हीच एक गोष्ट माझ्याकडे होती, म्हणून मी सगळं सांगितलं. परीक्षेच्या आधी भिंतीवरची शिकवणारी प्रत्येक वस्तू आम्ही तपकिरी कागदाने झाकतो. नकाशे, पाढे, सूत्रं, सगळं. यॉडर या कामात कुठेही कमी पडत नाही. शिडीवर चढून त्याने घड्याळही झाकलं. मी विचारलं, तर म्हणाला, “त्यावर बारा आकडे आहेत. गणिताची परीक्षा आहे.” माझं मनगटी घड्याळ मुलीने भेट दिलेलं, फोनसारखं हुशार. ते दारातच काढून घेतलं. शांततेसाठी शाळेची घंटाही बंद. मग मला वेळ कळणार कशी?

“मुलांना विचारू या,” मिस रिंगल म्हणाल्या आणि त्यांनी मरिसा टिम्कोला बोलावलं. मरिसा वर्गात सगळ्यांत सावकाश लिहिणारी मुलगी. ती आधी घाबरली होती, पण तोंड उघडल्यावर थांबेचना.

“सव्वादोनला संपली, मॅडम. बाहेर आल्या आल्या मी घड्याळ पाहिलं. आम्ही जेवलोच नाही. त्या दिवशी बटाटा भरलेले पिरोगी होते, कांद्यात परतलेले!”

“सव्वादोनला?” मिस रिंगलचं पेन थांबलं. “बाकीचे वर्ग तर साडेदहाला सुटले.”

“आमचा नाही सुटला. शेवटच्या मुलाचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही, असं मिस्टर ड्राहोस म्हणाले. आणि शेवटची मीच होते. माझ्या मागे ब्रायसन बसतो. तो सारखा कुजबुजत होता, ‘मरिसा, आटप ना गं, आजी होशील तू इथेच.’ पण घाईत माझ्या बेरजाही चुकतात.”

“आणि तोपर्यंत बाकीचे काय करत होते?”

“काय करणार? पुस्तक वाचायचं नाही, चित्रं काढायची नाहीत, डोकं टेकायचं नाही. मिस्टर ड्राहोसनी काहीच करू दिलं नाही. स्वतःचाच पेपर परत तपासायला फक्त परवानगी होती. म्हणून सगळे तेच करत बसले. ब्रायसनने आठ वेळा तपासला. म्हणाला, आठव्या वेळी त्याला प्रश्न कळला.”

“मग जेवणाला कोणी बोलवायला आलं नाही?”

“जेवणघरातल्या मिसेस लुकास आल्या होत्या. दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी होती. त्या गेल्या.”

मरिसा गेली. मिस रिंगल पुस्तिकेची पानं मागेपुढे करत होत्या. कोणता नियम मोडला, ते त्या शोधत होत्या. मोडलेला नियम सापडेना. परीक्षेला वेळेची मर्यादा नाही, असं राज्याच्याच पुस्तिकेत लिहिलंय.

“यॉडर साहेब, बाकीच्या वर्गांत पेपर झाल्यावर मुलं काय करत होती?”

“वाचत होती,” यॉडर अभिमानाने म्हणाला. “काही झोपली होती.”

“त्याला परवानगी नाही.”

“हो का?”

“म्हणजे तुमच्या शाळेत नियमाप्रमाणे परीक्षा फक्त चौदा नंबरमध्ये झाली. एक्क्याण्णव हा आकडा खरा. संशय घ्यायचा तर अडतीसवर घ्यावा लागेल.” एवढं बोलून त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. बहुधा राज्यात असे अडतीस किती असतील, याचा हिशोब मनात चालू असावा. मग त्यांनी फाइल मिटली, सगळ्यांशी हात मिळवला आणि गाडीत बसून निघून गेल्या.

दहा दिवसांनी पत्र आलं. व्हर्नाचा परवाना कायम. इतकंच नव्हे, तर असा असाधारण निकाल आणणाऱ्या शिक्षिकेला सप्टेंबरपासून वर्गाच्या कामातून मोकळं करण्यात येत होतं. तिने जिल्ह्यातल्या अकरा शाळांत फिरून आपली पद्धत इतर शिक्षकांना शिकवायची.

यॉडरने केक आणला. व्हर्नाने सुरी हातात धरली, पण केक कापला नाही.

“लायल, म्हणजे मला वर्ग नाही?”

“वेडी का तू? तू आता सर्वोत्तम शिक्षिका आहेस. तुला वर्ग कसा देणार?”

“आणि माझी पद्धत कोणती?”

“ते तूच सांगणार ना सगळ्यांना!”

तिने माझ्याकडे पाहिलं. “मिस्टर ड्राहोस, मी वाचले की बुडाले?”

मी नागरिकशास्त्राचा माणूस. खात्याच्या कागदाचा अर्थ लावणं हा माझा विषय. मी पत्र तीनदा वाचलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की मला कळत नाही.

जुलैत चौदा नंबरची जागा रिकामी असल्याची जाहिरात निघाली. बदली शिक्षक हवा, सातवी, गणित, रोजंदारीवर. आमच्याकडे अशा जाहिरातीकडे कबुतरंही फिरकत नाहीत, उमेदवार तर सोडाच. या वेळी एक अर्ज आला. व्हर्नाचा. बढतीची जागा तिने एका ओळीच्या पत्राने परत केली होती, आणि खात्यात बढती परत घेण्याचा फॉर्मच नसल्यामुळे ते पत्र अजून कोणाच्या तरी टेबलावर आहे.

नियमाप्रमाणे मुलाखत घ्यावीच लागते. ती ऑगस्टच्या शेवटी झाली. मुलाखत मंडळावर दोघे जण: यॉडर आणि, बाहेरचा सभासद म्हणून, मी. व्हर्ना चांगला कोट घालून, हातावर हात ठेवून समोर बसली. यॉडरने छापील प्रश्नांचा कागद पुढे ओढला.

“या शाळेची आपल्याला काही माहिती आहे का?”

“थोडीफार.”

“अनुभव?”

“चोवीस वर्षं. त्याच खोलीत.”

“आधीची जागा का सोडलीत?”

“सोडली नाही,” व्हर्ना म्हणाली. “मला तिथून बढती मिळाली होती.”

यॉडर पेन घेऊन थांबला. कागदावर या उत्तरासाठी चौकोन नव्हता. त्याने मला विचारलं, मी त्याला विचारलं, आणि शेवटी त्याने ‘इतर’ या चौकोनात खूण करून तिला विचारलं, “सोमवारपासून जमेल?”

“आजच जमेल,” ती म्हणाली आणि किल्ली घ्यायला उठली.