बुधवारी उघडीप

गावच्या साप्ताहिकात 'आठवड्याचं हवामान' हे सदर आमचे यजमान लिहीत. परसात पर्जन्यमापक होता. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजायचं, आभाळ निरखायचं आणि शुक्रवारी आठ ओळी छापखान्यात द्यायच्या. पाऊस थांबून ऊन पडणार असेल तर ते 'उघडीप' लिहीत. दुसरा शब्द त्यांना चालत नसे. "स्वच्छ हवामान म्हणजे काय? कुणी झाडून काढलंय?" म्हणायचे.

अकरा वर्षांपूर्वी अंगात ताप असताना ते भर पावसात मोजायला गेले. त्या दुखण्यातून उठलेच नाहीत. समोर राहणाऱ्या माझ्या थोरल्या नणंदबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तुला त्याला अडवता आलं नाही?" तेव्हापासून बोलणं थांबलं ते थांबलंच.

सदर मी चालू ठेवलं, त्यांच्याच शब्दांत. मग हळूहळू ध्यानात आलं, मी ज्या दिवसाची उघडीप लिहावी, त्या दिवशी समोरच्या गॅलरीत गाद्या वाळत पडायच्या. आमचं जाणं-येणं काय ते एवढंच. गाद्या दिसल्या की समजायचं, वन्सं धडधाकट आहेत.

यंदा पाऊस हटेना. पाच आठवडे उघडीप लिहिता आली नाही. गॅलरी रिकामी, खिडक्याही बंद. जाऊन विचारावं तर पाय उंबऱ्यातच अडायचा. त्यात संपादक घरी आला.

"काकू, या शुक्रवारचं शेवटचं. हवामान आता सगळे फोनवर बघतात."

"पावसाआधी फोनचे गुडघे दुखतात का रे?"

तो हसला, चहा प्यायला आणि गेला.

शुक्रवारी माझे गुडघे ठणकत होते. तरी लिहिलं, बुधवारी उघडीप. अकरा वर्षांतलं पहिलं खोटं.

बुधवार उजाडला तोच अंधारून. नऊच्या सुमारास समोरच्या कठड्यावर एक गादी पडली, मग दुसरी. माझा जीव भांड्यात पडला. दहा मिनिटांत सर आली. गाद्या भिजत राहिल्या, आत घ्यायला कुणी येईना. मी छत्री न घेताच रस्ता ओलांडला.

दार नुसतं लोटलेलं होतं. वन्सं कमरेला पट्टा बांधून गॅलरीच्या दाराशी स्टुलावर बसल्या होत्या.

"टाकताना टाकल्या," त्या म्हणाल्या. "भिजल्यावर हलेनात."

"आभाळ दिसत नव्हतं का वन्सं?"

"दिसत होतं की. पण तू लिहिलं होतंस."

दोघींनी दोन टोकं धरून गाद्या आत ओढल्या. फरशीभर पाणी झालं.

"माझा भाऊ असा चुकला नसता."

"मीही चुकले नाही. मुद्दाम लिहिलं. गाद्या बघायच्या होत्या."

त्या बराच वेळ पदर पिळत राहिल्या.

"उद्या मोजायला जाशील?"

"साडेआठला."

"ताप असला तर जाऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी पाऊस मोजला. बासष्ट मिलिमीटर. वहीत लिहिला. आता तो छापखान्यात द्यायचा नव्हता. खिडकीशी उभी राहून समोर बघत आकडा दोनदा मोठ्याने म्हटला. पाऊस फार होता. ऐकू गेला असेल असं नाही.