सोमवारी मला फोडणार होते

मी होडी. लाकडाची, रुंद पोटाची, इंजिनवाली. वय विचारू नका. धडधाकट आहे, एवढं पुरे. माझी हकीकत मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगायला लागलं की उगाच रडगाणं करतं.

मला एका सुताराने बांधलं. धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा सांगाडा उभा राहिला. त्याची मुलगी तेव्हा फ्रॉकमध्ये होती. बापाच्या हातात खिळे द्यायची आणि चुकीचा दिला की बोलणी खायची. तो माझ्या फळ्यांवर जेवढा खेकसायचा तेवढाच तिच्यावर, आणि माया दोघींवर सारखीच. म्हणून मी म्हणते, आम्ही दोघी एका बापाच्या.

त्याला एक खोड होती. बोल्ट आवळून झाला की तो पान्यावर अख्खा झुकून आणखी अर्धा फेरा मारायचा. मी मेलो तरी हा हलणार नाही, म्हणायचा. मेला बिचारा. बोल्ट काही हलला नाही.

मुलीचं लग्न झालं आणि मी तिच्याबरोबर सासरी आले. जावई माझा मालक झाला. नदी समुद्राला मिळते तिथे या काठची माणसं त्या काठाला न्यायची, हे माझं काम. माणसं मी पोटात बसवून बघितली आहेत. प्रत्येकाला कडेची जागा हवी, आणि पाणी उडालं की पहिला ओरडणाराही कडेचाच. चढताना भांडणारी जोडपी मध्यावर गप्प होतात आणि उतरल्यावर राहिलेलं पूर्ण करतात.

मालक वाईट नव्हता. पण वायर हातात आली की त्याच्या अंगात यायचं. कुठून तरी त्याला लाल वायरचं मोठं भेंडोळं मिळालं होतं. दिवा लागेना? ओढ लाल वायर. भोंगा वाजेना? ओढ आणखी एक. जुनी मात्र काढायची नाही. "असू दे की, खायला मागतेय का ती?" असं म्हणून वर काळ्या टेपचा गोळा चिकटवायचा. वर्षानुवर्षं हेच. माझ्या फळ्यांखाली नुसता गुंता. कुठली जिवंत, कुठली मेलेली, मलाही सांगता येत नव्हतं.

मग व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी भर पाण्यात दिवे गेले, आत झिरपणारं पाणी बाहेर फेकणारा पंप बंद पडला आणि माणसांच्या घोट्यापर्यंत पाणी आलं. एका बाईने पोराला डोक्यावर धरलं. मालकाने बादलीने पाणी उपसत मला कसंबसं काठाला लावलं. कुणी बुडलं नाही. पण त्या दिवशी त्याची कंबर गेली, आणि कंबरेबरोबर हिंमतही. मला धक्क्याच्या टोकाला बांधून तो घरी बसला. पोटाला शेवाळ धरलं. पक्षी डोक्यावर बसून घाण करायचे. ज्यांना मी वर्षानुवर्षं पार नेलं, ते नाक दाबून बाजूने जायचे.

एक दिवस लाकूडवाला आला. कलिंगड वाजवून बघतात तसं त्याने मला वाजवून बघितलं आणि मालकाने त्याला शब्द देऊन टाकला. सोमवारी आरा घेऊन ये. बायकोला सांगितलं ते शब्द दिल्यावर.

ती आरडाओरडा करणाऱ्यातली नाही. ती धक्क्यावर आली, माझ्या कडेवर हात ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "माझ्या बापाची होडी फोडायची ठरवलीस, मला विचारलंस? सोमवारपर्यंत दिवे, पंप आणि पुढचा खुंटा नीट झाला तर तुझा लाकूडवाला रिकाम्या हाताने परत जाईल. नाही झाला तर मी तोंडातून ब्र काढणार नाही." एवढं बोलून तिने नवऱ्याशी बोलणंच टाकलं.

मदतीला नणंद आली. तिचं पंखे, मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे आणि जीभ तिच्या पक्कडीपेक्षा धारदार आहे. तिने फळी उचलून आत बघितलं आणि हसत सुटली. दादाने होडी चालवलीय की स्वेटर विणलाय, असं तिने विचारलं. दादा धक्क्यावर पालथ्या टोपलीवर बसला होता. त्याने ऐकू न आल्यासारखं केलं.

दोघींनी सगळं कापायला घेतलं. हिरव्या पडलेल्या तांब्याची टोकं, चिकट टेपचे गोळे, गंजून चिकटलेले फ्यूज. वायर ओढली की कुठेतरी भलतंच हलायचं. माझ्या पोटातून ढीगच्या ढीग बाहेर निघाला आणि मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! मग नव्या वायरी आल्या. दिव्याला एक रंग, भोंग्याला दुसरा. आणि प्रत्येक वायर चिमटे लावून कडेने सरळ नेली. मालक टोपलीवरून बघत होता. एक एक लाल वायर बाहेर पडत होती आणि तो एक एक बोट मोडत होता.

खुंट्याने मात्र नाकी नऊ आणले. दोर बांधायचा तो लोखंडी खुंटा बुडाशी तडकला होता, तो बदलायलाच हवा होता. त्याचे बोल्ट डेकमधून आरपार खाली गेलेले. तेल पाजलं, रात्रभर चिंधी भिजवून ठेवली. बाकीचे कुरकुरत निघाले. एक निघेना. त्यावर बापाचा तो अर्धा फेरा जरा जास्तच बसला होता. नणंद म्हणाली, ज्योत मारू या. वहिनीने तिच्याकडे असं बघितलं की ती दुकान उघडायला निघून गेली. मी लाकडाची आहे, बाई!

आता पंचाईत अशी की हा बोल्ट दोघांचा होता. खाली माझ्या नाकाच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, पोकळीत अंग चोरून एकाने नट फिरवायचा आणि वर दुसऱ्याने बोल्टाचं डोकं धरून ठेवायचं, नाहीतर सगळंच गरगर फिरतं. ती एकटीच पोकळीत पडून झुंजत होती. पाना निसटायचा, बोटं सोलायची. तोंडातून बापाचा उद्धार चालला होता.

तेवढ्यात डेकवर वजन आलं. ती चाल मी ओळखते. मालक कंबर धरून चढला, खुंट्यापाशी बसला आणि वरून पाना लावला. माझ्या डेकवर पान्याने टक् केलं.

जुनी रीत होती त्यांची. इंजिन चालू असताना ऐकू येत नाही म्हणून लग्नानंतर दोघं ठोकूनच बोलायची. एक ठोका म्हणजे आवळ, दोन म्हणजे सोड. अडलेला नट आधी थोडा आवळायचा, मगच सोडवायचा. गंजाची पकड तशीच मोडते.

खाली तिने पाना नटाला लावला. मग आवळला. वरून टक् टक्. सोडला. नाही हलला. पुन्हा टक्. पुन्हा टक् टक्. किती वेळ चाललं देव जाणे. तोंडाने ती एकमेकांशी बोलत नव्हती, पण मधे मी होते आणि दोघांचे हात माझ्यातून एकमेकांना लागत होते. मग बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि नट सुटला.

खालून ती ओरडली, "बाबा, हरलात!" आणि वरती मालक हसायला लागला. हसताना कंबर धरून कण्हत होता, तरी हसतच होता. त्याच दुपारी दोघांनी नवा खुंटा बसवला.

सोमवारी लाकूडवाला आरा आणि दोन गडी घेऊन हजर. धक्क्यावर माणसं जमली. नणंदेने खटका दाबला, दिवे लागले. भोंगा असा वाजला की पक्षी उडाले. मग पंप. पंप घुर्रर्र करायला लागला, पण पाणी येईना. नळीच्या तोंडातून लाळ गळावी तशी धार. माझ्या पोटात पाणी चढत होतं. लाकूडवाल्याने आरा खांद्यावरून खाली घेतला. माझ्या फळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

नणंदेने वायरी तपासल्या. तिच्या सगळ्या बरोबर. मालकिणीने ओठ घट्ट मिटले होते. शब्द दिला होता ना तिने.

मालकच उठला. मान खाली घालून म्हणाला, "पंपापाशी वायर अपुरी पडत होती. काल मी जोडली. माझी लाल. दोन्ही वायरी लालच, त्यामुळे उलटसुलट लागली असेल. पंप उलटा फिरतोय." नणंद काही बोलायला गेली, वहिनीने तिचा हात दाबला. मालक त्या मोडक्या कंबरेने खाली उतरला, टोकं सोडवली, अदलाबदल करून पुन्हा आवळली आणि फळीवर टक् केलं.

खटका दबला. पंपाने श्वास घेतला आणि नळीतून मनगटाएवढी धार अशी उसळली की लाकूडवाला आऱ्यासकट न्हाला. धक्का हसून हसून आडवा झाला. मालकिणीने नवऱ्याला हात देऊन वर ओढलं. "ती लाल वायर आता तरी टाकशील का?" एवढंच बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. लाकूडवाल्याने चहा मागितला. मालकाने पाजला आणि तो चहावरच परत गेला.

आता सुकाणू मालकिणीच्या हातात आहे. मालक तिकिटं फाडतो आणि कडेला बसणाऱ्यांना दटावतो. पोट खरवडून घेतलंय, अंगाला निळा रंग लावलाय. त्या संध्याकाळी पोराला डोक्यावर धरणारी बाई परवा पुन्हा चढली. पोराला तिने मांडीवर घेतलं होतं.

तुमच्याही दारात कुणीतरी माझ्यासारखी पडली असेल. तिला वाजवून बघू नका. फळी उचला, हात घाला, मेलेलं काढा, जिवंत जोडा. एकट्याने निघत नसेल तर ज्याच्याशी अबोला आहे त्याला हाक मारा. एवढंच मागणं.

आता भोंगा झालाय. बसायचं असेल तर बसा, नाहीतर दोर सोडा आणि बाजूला व्हा.